पृथ्वीच्या पोटातली सुपारी

लोहगडवाडी,
१२ फेब्रुवारी २०२५

लोणावळ्याच्या कैलासराव म्हाळसकरांना केरबा शेलारचा, तोंड दुसरीकडे करून का होईना, पण रामराम.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण रविवारपासून फोनवर आपली तीनदा जुंपली. दोनदा तुम्ही फोन आपटलात, एकदा माझी रेंज गेली आणि तेही तुम्ही आपटण्यातच धरलंत. शेवटी आमच्या हिने आणि तुमच्या राजेश्वरीताईंनी परस्पर ठरवलं, की ह्या दोघांनी आता लिहूनच भांडायचं. पत्र आधी घरची बाई वाचणार, नको ते खोडणार, आणि मग सार्थक लोणावळ्याला हॉटेलात कामावर येताना तुमच्या दारात टाकणार. ह्या कागदावर वरच्या बाजूला जे काळं झालंय, त्या माझ्या चार चांगल्या ओळी होत्या.

झालं काय ते एकदा लिहून ठेवतो, कारण लोणावळ्यात तुम्ही वेगळंच सांगत फिरता असं कळलं. तुमची अपेक्षा आणि आमचा सार्थक, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. आपण मोठ्यांनी फक्त सुपारी फोडायची आणि लग्नाची तारीख धरायची, एवढंच काम. रविवारी आमच्या घरी फराळ झाला, आणि मी कौतुकाने तुम्हाला मागच्या अंगणातली बोअर दाखवली. पाणी लागलं नाही तिला, पण वाया गेली असं कुणी म्हणू नये. गडावर जाणारी पोरं माझ्याकडे पिठलं-भाकरी खातात आणि मग बोअरमध्ये खडा टाकायला मागे येतात. मी त्यांना सांगतो, ही बोअर थेट पृथ्वीच्या पोटात गेलीय आणि खडा मधोमध जाऊन थांबतो, कारण तिथे कशालाच वजन राहत नाही. वजन शून्य. हे मला एका प्रोफेसरांनी सांगितलंय, त्यांनी माझ्याकडे दोन वेळा ठेचा मागून घेतला होता. एवढी वर्षं सांगतोय, एक माणूस हसला नाही. तुम्ही हसलात. पाहुण्यांसमोर म्हणालात, "मध्याकडे जावं तसं वजन वाढतं हो केरबाभाऊ, आणि तिथे काही थांबतबिंबत नाही. हे बघा." आणि हातात होतं ते टाकलंत.

हातात सुपारी होती, कैलासराव. हळदकुंकू लावलेली.

आता आमच्या म्हातारीने, म्हणजे आईने, हट्ट धरलाय. "द्येवापुढं ठिवल्याली सुपारी हाय ती. ती माघारी आल्याबिगर दुसरी फोडाल तर ह्या धोंडाबाईशी गाठ हाय." तिच्यापुढे वाडीत कुणाचं चालत नाही. वैशाखात लग्न झालं नाही तर पुढे पावसाळा, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत पोरं लटकली. सुपारी तर मधोमध लटकलेलीच आहे, ती काही यायची नाही. तेव्हा आईसमोर येऊन तुम्ही कबूल करा, की केरबाचं बरोबर आणि माझं चुकलं. मग तिची समजूत मी काढतो.

केरबा

राजेश्वरीताई, खोडल्याल्या चारातली येक वळ लय चांगली व्हती, भेटल्यावर सांगीन. मानाच्या साड्या घ्यायला कवा जायचं? मला गडद रंग नगो. – अंबू


लोणावळा,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रति, श्री. केरबा शेलार, लोहगडवाडी.
विषय : बोअरमध्ये गेलेल्या सुपारीच्या सद्यस्थितीबाबत.
संदर्भ : आपले १२ तारखेचे पत्र, खोडलेल्या ओळींसह (उजेडाला धरल्यावर दोन वाचता आल्या).

महोदय,

मी रेल्वेत सगळी नोकरी घाटात काढली. खंडाळ्याच्या चढाला गाड्यांना मागून जी इंजिनं लावतात, त्या इंजिनांवर. वजन म्हणजे काय आणि उतार म्हणजे काय, हे मला ठेचा खाणाऱ्या प्रोफेसराकडून शिकायची गरज नाही.

मुद्दा पहिला. लोहचुंबकाच्या जितकं जवळ जावं तितकी ओढ जास्त. पृथ्वी जर मध्याकडे ओढते, तर मध्याच्या जवळ वजन वाढणार हे शेंबडं पोरही सांगेल. आपली सुपारी तिथे नारळाएवढी जड झाली असेल.

मुद्दा दुसरा. ती थांबणार नाही. घाटात उतारावर गाडीचा ब्रेक सुटला, तर ती दरीत जाऊ नये म्हणून तिला बाजूच्या चढाच्या रुळावर घेतात. तिथे काय होतं? गाडी उताराच्या तळाशी गुमान उभी राहते काय? मुळीच नाही. जोरात येते, चढ चढते, वर जाऊन दमते आणि उलटी मागे येते. सुपारीचं तेच. मधून सणसणत जाणार, पलीकडच्या तोंडापर्यंत चढणार आणि परत फिरणार. पलीकडे काय आहे ते मी नकाशात पाहून घेतलं. समुद्र आहे. म्हणजे तिकडे मध्येच कुणी हात घालून घेईल ही भीती नाही.

आमची अपेक्षा कॉलेजात हाच विषय शिकवते, हे आपणास ठाऊक आहे. तिला जाऊन-येऊन किती वेळ लागेल एवढंच विचारलं. म्हणाली, "सगळं सोपं धरलं तर साधारण दीड तास." पुढचं विचारल्यावर म्हणाली, "बाबा, तुमच्यातलं कोण बरोबर ते मी सांगितलं, तर लग्नाआधीच एका घरात माझं तोंड बघणार नाहीत." आणि पेपर तपासायला निघून गेली. तेव्हा निष्कर्ष असा, की सुपारी दर दीड तासाने आपल्या अंगणात येऊन परत जात आहे. ती घ्यायला तिथे माणूस नसणे हा आपल्या बाजूचा हलगर्जीपणा आहे. मातोश्रींना तसे कळवावे.

आपला,
कैलास म्हाळसकर

अंबूताई, "शेंबडं पोर" खोडणार होते, पण तसंच राहू दिलं; नाहीतर हे आठवडाभर घरात तोच शब्द घोळवत बसतील. साड्यांना पुढच्या गुरुवारी जाऊ. लोणावळ्यातच बघू या, नाही पटलं तर तळेगावला. – राजेश्वरी


लोहगडवाडी,
२० फेब्रुवारी २०२५

कैलासराव, तुम्हाला नमस्कार करायला हात उचलत नाही, पण पत्र करावंच लागतंय.

तुम्ही काय करून ठेवलंत ह्याची कल्पना आहे का? सार्थकने तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर म्हातारी बोअरपाशी खाट टाकून बसलेली, मांडीवर सूप. म्हटलं, आई, हे काय? म्हणते, "ती वर आली की झेलाया नगो? पोरीचा बा इंजनवाला हाय, त्याला ठावं आसंल." चहा तिथेच, भाकरी तिथेच. झोप लागली तर आमच्या हिला सूप धरून बसवते. रविवारी ट्रेकवाल्यांची गर्दी झाली. पोरींनी आईसोबत फोटो काढले, दोघींनी पाया पडून घेतलं, एकीने विचारलं, आजी इथे काय निघतं? आई म्हणाली, "नातवाचं लगीन."

धंदा वाढला हे खरं आहे, पण ते जाऊ द्या. आता वजनाचं ऐका. तुमचं लोहचुंबक तुमच्यापाशी ठेवा. खाली गेलेल्या माणसाच्या डोक्यावरही जमीन असते, ती त्याला वर ओढणार की नाही? जितकं खाली जावं तितकी वरची जमीन जास्त, म्हणजे खालची ओढ तितकी मरणार. एवढं साधं आहे. तरी तुमच्यासारख्या माणसाला पुरावा लागतो म्हणून मी प्रयोग केला. शेजारच्या जानूची विहीर चांगली खोल आहे आणि सध्या पाणी तळाला गेलंय. लाल भोपळ्याचं एक डांगर घेतलं, वर काठावर तागडीत तोललं. मग जानूला डांगर, तागडी आणि मापं घेऊन खाली सोडला आणि तिथे तोलायला लावलं. भरलं तेवढंच! तीन वेळा तोललं, रत्तीभर फरक नाही. मी वरून ओरडतोय, नीट धर. तो खालून ओरडतोय, नीटच धरलंय. शेवटी मी त्याला विचारलं, तुला स्वतःला कसं वाटतं? म्हणाला, उतरताना हलकं वाटलं आणि वर चढताना लई जड झालो. मग अजून काय पाहिजे? डांगर खोटं बोलेल, जानू बोलणार नाही.

तुम्हाला एवढी खुमखुमी असेल तर या आणि बोअरचा तळ लागतो का बघून घ्या. माझं आव्हान आहे.

केरबा

त्या डांगराची भाजी केली. जानूभाऊजी दोन दिस कंबर धरून हाईत. – अंबू


लोणावळा,
२४ फेब्रुवारी २०२५

विषय : डांगर.

महोदय,

आपला प्रयोग वाचून रात्रभर हसू आवरलं नाही, हे खेदाने नमूद करतो. तागडीत एका बाजूला डांगर आणि दुसऱ्या बाजूला मापं. विहिरीत डांगराचं वजन बदललं, तर मापांचं बदलणार नाही का? ती काय वरच राहिली होती? दोन्ही सारखीच जड होणार, काटा मधोमध. तागडीने हे कळायचंच नाही, त्याला स्प्रिंगचा काटा लागतो. मी हे अपेक्षाला सांगितलं तर तिने चक्क माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग म्हणाली, "स्प्रिंगचा घेतलात तरी एका विहिरीत कळण्याएवढा फरक पडत नाही, बाबा," आणि कौतुक संपलं.

आपलं आव्हान स्वीकारलं आहे. आमच्या ओळखीचे एक जण बोअरच्या मोटारी काढतात, त्यांच्याकडे लांब वायरीला लावलेला कॅमेरा आहे, खाली सोडला की वर पडद्यावर सगळं दिसतं. रविवारी २ मार्चला तो घेऊन येत आहे. आपण हजर राहावे.

कैलास म्हाळसकर

अंबूताई, मीही येतेय. येताना काय आणू? – राजेश्वरी


लोणावळा,
३ मार्च २०२५

विषय : बोअर तपासणीचा अहवाल.

महोदय,

काल आम्ही पोचलो तेव्हा आपण नेमके पाहुणे घेऊन गडावर गेला होतात, आणि उन्हं कलली तरी उतरला नाहीत. गडावर एवढं काय बघायचं होतं ते कळलं नाही. आपल्या गैरहजेरीत झालेलं कामकाज खालीलप्रमाणे.

अंगणात साधारण निम्मी वाडी जमली होती. पडदा लहान असल्याने तो मी आणि अंबूवहिनी असे दोघेच पाहत होतो. कॅमेऱ्याच्या बुडाला मी आमच्या गल्लीतल्या दुकानातून आणलेली, अजून घट्ट न झालेली शेंगदाण्याची चिक्की बांधली होती. हेतू असा, की सुपारी जाता-येता वाटेत भेटली तर चिकटावी. कॅमेरा सोडला. बराच खाली गेला. नंतर त्याची बॅटरी संपली. तळ दिसला नाही. हे मी सर्वांसमोर मोठ्याने जाहीर केलं आणि लोकांनी आपापसांत माना डोलावल्या.

वायर वर ओढली तेव्हा चिक्कीला आपली सुपारी चिकटलेली होती. हळदीसकट. पलीकडून परत येताना सापडली असणार. आपल्या मातोश्रींनी ती सुपात घेतली, चिक्की खाऊन टाकली आणि सुपारी धुऊन देवापुढे ठेवली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "इंजनवाल्या, तुजं खरं झालं."

तेव्हा सुपारी परत येते हे सिद्ध झालं आहे. आता अडचण काहीच उरली नाही. तारीख धरण्यासाठी कधी येऊ ते कळवावे.

कैलास म्हाळसकर

अंबूताई, कॅमेऱ्याची बॅटरी ह्यांनी शनिवारी रात्रभर लावून पूर्ण भरली होती, एवढंच लिहिते. जास्त काही विचारत नाही. – राजेश्वरी


लोहगडवाडी,
१२ मार्च २०२५

कैलासराव, आज मात्र दोन्ही हात जोडून नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. आमच्या हिने मला सगळं सांगितलंय. बॅटरी संपली नव्हती. चाळीसेक फुटांवरच दगडांचा ढीग दिसला. एवढ्या वर्षांत ट्रेकवाल्यांनी टाकलेले खडे साचून बोअर भरत आलीय. वर एक चप्पल, दोन गॉगल आणि त्यांच्या शेजारी आपली सुपारी, जशीच्या तशी. मला त्याचा वास आधीच लागला होता. आधी खडा टाकला की आवाज यायला वेळ लागायचा, हल्ली लगेच टक्क व्हायचं. म्हणून खडा सुटला की मी मोठ्याने बोलायला लागायचो. रविवारी गडावर का गेलो होतो, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुम्ही ठरवलं असतं तर निम्म्या वाडीसमोर माझं हसं करता आलं असतं. आधी मी तुम्हाला काय काय लिहिलं होतं, आणि जे खोडलं गेलं ते तर त्याहून वाईट होतं. तरी तुम्ही "तळ दिसला नाही" म्हणालात. हे मी विसरणार नाही.

आता तारखेचं. आई तयार आहे, सुपारी देवापुढे आहे, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी रोज काहीतरी कारण काढतोय. काल म्हटलं, मांडववाला गावाला गेलाय. तो समोर बसून भजी खात होता.

तुम्ही माझी लाज राखलीत, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. तुम्ही तुमच्या समोरच्या इमारतीत पोरांसाठी फ्लॅट बघितलाय. हे मला सार्थकने सांगितलं नाही, पाववाल्याने सांगितलं. पोरगं एकुलतं एक. कामावरून आलं की गाडी लावताना आधी आजीला हाक मारतं, मग मला. ती हाक मी दिवसभर धरून बसलेला असतो. सुपारी बोअरमध्ये गेली तेव्हा मी तुमच्यावर ओरडलो खरा, पण आत कुठेतरी बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, लग्न लांबलं तेवढं पोरगं घरात. अशा बापाने तारीख कोणत्या तोंडाने धरायची?

केरबा

ह्या पत्रातलं मी काय बी खोडलं न्हाई. – अंबू


लोणावळा,
१६ मार्च २०२५

केरबाभाऊ,

विषय आणि संदर्भ आज लिहीत नाही.

तुमचं पत्र वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. राजेश्वरी म्हणाली, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, धूळ. ती म्हणाली, मार्च महिना आहे, असू शकते.

आता माझं ऐका. मलाही मुलगी एकच. नोकरीत असताना माझ्या ड्यूट्या वेड्यावाकड्या. मी पहाटे घरी आलो की ही लहानगी उठून दार उघडायची आणि विचारायची, "बाबा, आज गाडी वर चढली का?" आता ती कॉलेजातून येते आणि मी दार उघडतो, आणि विचारतो, आज पोरांना समजलं का? दिवसात तेवढंच बोलणं मला पुरतं. ती तुमच्याकडे राहायला आली तर मी दार कुणाला उघडू? दूधवाल्याला? शिवाय तिला सकाळी सातला वर्गावर उभं राहावं लागतं. पावसाळ्यात शनिवार-रविवार तुमच्या वाटेवर गाड्या कशा अडकतात ते तुम्हाला मी सांगायला नको. फ्लॅट मी तिच्या सोयीसाठी बघितला असं सगळ्यांना सांगत होतो. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहितो, माझ्या सोयीसाठी बघितला. आमच्या गॅलरीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं.

पण तो मी सोडणार नाही. तुमच्याबद्दल वाईट वाटतं, खूप वाटतं, तरीही नाही सोडणार. बाप तुम्ही एकटेच नाही.

कैलास

अंबूताई, आता ह्यात आपण दोघींनी काय खोडायचं? मी दोन्ही पत्रं अपेक्षाच्या टेबलावर ठेवली आहेत. – राजेश्वरी


लोणावळा,
१८ मार्च २०२५

बाबा आणि सार्थकचे आबा, दोघांना मिळून हे एकच पत्र. आई ते दारावर चिकटवणार आहे आणि सार्थक फोटो काढून तिकडे वाचून दाखवील.

आधी तुमचं भांडण. महिनाभर गप्प बसले, आता सांगते. पृथ्वीच्या आत शिरलं, की आपण जेवढे खाली आलो तेवढ्या जाडीचं साल सगळ्या बाजूंनी राहतं. त्या सालीची ओढ चहूबाजूंनी एकमेकींना मारते आणि हिशेबात काहीच उरत नाही. ओढतो तो फक्त आतला उरलेला गोळा. पृथ्वी आतून सगळीकडे सारखीच भरलेली असती, तर खाली जाऊ तसं वजन कमी होत मधोमध शून्य झालं असतं. म्हणजे आबा बरोबर. पण पृथ्वीचा गाभा लोखंडाचा आहे, फार जड. त्यामुळे जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत वजन कमी होत नाही, उलट थोडं वाढतंच. म्हणजे बाबा बरोबर. तिथून पुढे ते उतरत जातं आणि मध्यावर शून्य. म्हणजे परत आबा.

सुपारीचं तसंच. मधोमध वजन नाही म्हणून ती तिथे थांबत नाही. वेगात आलेली असते, पुढे जाते, पलीकडे चढते, परत येते. म्हणजे बाबा. पण बोअरमध्ये हवा असते, हवा दरवेळी थोडा थोडा वेग खाते, आणि खूप फेऱ्यांनंतर ती शेवटी मधोमधच थांबेल. म्हणजे आबा. पृथ्वी फिरते म्हणून ती बोअरच्या भिंतीला घासत जाईल, हे तुमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही, ते मी मोजत नाही. बोअर नक्की किती खोल आहे हेही विचारत नाही.

आता माझं. मध्यावर वजन नसतं, ते कुणी ओढत नाही म्हणून नव्हे. सगळीकडून सारखंच ओढतात म्हणून. मी दीड महिना तशीच अधांतरी आहे, आणि मला मुळीच हलकं वाटत नाही. सार्थकही तसाच. रोज तुमची भांडणं खिशात घेऊन तो घाम पुसत येतो आणि जातो. तुम्ही दोघांनीही आम्ही कुठे राहावं हे ठरवलंत. आम्हाला विचारलं फक्त धोंडाआजीने. ती म्हणाली, "तुमी सुकात ऱ्हावा, कुटं बी ऱ्हावा. ह्या दोगांचं काय, ह्यांना भांडाया कुणीतरी पायजेच."

तर आम्ही मळवलीला, स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्या बघितल्या आहेत. मला लोणावळ्याला एकच स्टेशन, सार्थकला गाडीवरून वाडी जवळ आणि कामही जवळ. शनिवारी बाबांनी यायचं, रविवारी आबांचा धंदा असतो म्हणून सोमवारी आबांनी. आधी फोन करून. बाबा, त्या स्वयंपाकघरातून फक्त रूळ दिसतात. आबा, सार्थक येताना आधी हाक मारील, तुम्ही सोमवारी तिथे असायला हवं एवढंच.

सुपारी येत्या रविवारी फुटेल. फोडताना ती बाबांच्या हातात कुणी देऊ नका.

अपेक्षा


लोहगडवाडी,
१९ जून २०२५

इंजनवाले व्याही, तुम्हाला वाडीतल्या सगळ्यांचा नमस्कार, आणि माझा वेगळा.

लग्न होऊन महिना झाला. वैशाखातलं ऊन, तुमचं ते मांडवात सगळ्यांना रांगेत उभं करणं, आईने तुमच्या डोक्यावर टाकलेली अर्धी परडी अक्षता, हे सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. पण पत्र त्यासाठी नाही.

काल बुधवार. माझा वार नव्हता. पण इथे पाऊस, गिऱ्हाईक नाही, आणि संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मी अजून उठून बघतो, जानूची निघते. म्हटलं, पोरांना थोडं करवंदाचं लोणचं देऊन येऊ, त्याला कुठे फोन करायचा. मळवलीला पोचलो. दाराशी चपला होत्या. चपला ओळखीच्या वाटल्या. दार उघडं, आणि आत तुम्ही लुंगी लावून लसूण सोलत बसलेले! तुमचाही वार नव्हता. मला बघून आधी तुम्ही लसूण लपवलात, तो का लपवलात ते अजून मला कळलेलं नाही.

पोरं कुठे म्हणून विचारलं, तर तुम्हालाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या आक्काबाईंनी सांगितलं, की कॉलेजातून सून परस्पर तुमच्याकडे गेली, आईच्या हातचं खायला. आणि सार्थक कामावरून थेट आमच्याकडे, आजीकडे. म्हणजे मी इकडे यायला निघालो आणि तो माझ्या घरी पोचला. वाटेत पावसात एक गाडी समोरून येऊन निघून गेली होती, रेनकोटमध्ये ओळखलं नाही.

राग यायला हवा होता. पण तुम्ही चहा टाकलात, मी लसूण सोलला, आणि पलीकडे समुद्रात सुपारी भिजते की नाही ह्यावर आपण अंधार पडेपर्यंत बसलो. घरी आल्यावर हिने विचारलं, पोरगा भेटला का? म्हटलं, नाही. तरी रात्री झोप चांगली लागली.

केरबा

सार्थक हितं आजीसंगं गरम भाकरी खाऊन गेला, आन हे भिजून आले. मी टावेल दिला. – अंबू


लोणावळा,
२३ जून २०२५

केरबाभाऊ,

सुपारी भिजते. ह्यावर आता चर्चा नको.

पुढच्या बुधवारी दुपारच्या लोकलने मी मळवलीला उतरतो. किल्ली आक्काबाईंकडे असते. भाकरी तुम्ही आणा, भाजी माझ्याकडे. मुलांच्या वेळा मी विचारल्या नाहीत, तुम्हीही विचारू नका. ती दोघं घरी नसली तरी या.

कैलास